मधुमेह परिषदेतले दोन दिवस : शिकवले किती, विकले किती

पुण्यातील एका पंचतारांकित हॉटेलात नुकत्याच झालेल्या मधुमेह व हृदयविकार परिषदेविषयीचा हा अभिप्राय तालुक्याच्या ठिकाणी व्यवसाय करणाऱ्या फिजिशियन आणि जनरल प्रॅक्टिशनर मित्रांसाठी आहे, कारण पुढच्या वर्षी नोंदणी करावी की नाही हा प्रश्न त्यांनाच पडणार आहे. परिषद भरवणाऱ्या संघटनेचे नाव देत नाही. पुढे जे लिहिले आहे ते थोड्याफार फरकाने अशा बहुतेक परिषदांना लागू पडते आणि ते एकाच संघटनेच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. व्यवस्थेबद्दल बोलायचे तर नोंदणी शुल्क साडेतीन हजार रुपये होते आणि त्यात दोन्ही दिवसांचे जेवण धरलेले होते. सभागृहातील आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचत होता. दीपप्रज्वलन, मान्यवरांची भाषणे आणि शाल-श्रीफळ यांत पहिल्या दिवसाचे वेळापत्रक घसरले ते संध्याकाळपर्यंत सावरले नाही, परंतु हे आपल्याकडे इतके नेहमीचे आहे की त्याची तक्रार करण्यात अर्थ नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या क्रेडिट गुणांची नोंद मात्र तत्परतेने झाली.

एवढ्या शुल्कात असे हॉटेल, असे पडदे, बाहेरगावच्या वक्त्यांचा प्रवास आणि दोन दिवसांची जेवणे भागत नाहीत, हे बोटे न मोजताही कळते. उरलेला खर्च औषध कंपन्यांच्या स्टॉलच्या भाड्यातून आणि प्रायोजित सत्रांतून निघतो. त्याला माझा मुळातून विरोध नाही. ज्या डॉक्टरला नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट मिळवायचे आहेत आणि ज्याचा दवाखाना बंद राहिला की त्या दिवसाची मिळकतही बंद राहते, त्याच्याकडून परिषदेचा सगळा खर्च वसूल करणे व्यवहार्य नाही. परंतु मग आपण परिषदेचे ग्राहक किती आणि कंपन्यांना दाखवण्याचा माल किती, हे प्रत्येकाने स्वतःपुरते तरी पाहायला हवे. मी हे दोन दिवस तेवढ्यासाठी प्रत्येक सत्रानंतर टिपण करत होतो.

वरवर पाहता सगळे नियमाला धरून होते. केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाने १२ मार्च २०२४ रोजी औषधविक्रीची जी एकसमान संहिता अधिसूचित केली, तिने डॉक्टरांना भेटवस्तू, प्रवास आणि हॉटेलमधला मुक्काम देण्यास कंपन्यांना मनाई केली आहे. प्रवास-मुक्कामाची सवलत उरली ती फक्त परिषदेत वक्ता म्हणून बोलणाऱ्यांना. परदेशात नेऊन घेतले जाणारे कार्यक्रमही बंद झाले. त्याचा परिणाम दिसला. डेलिगेट किटमध्ये एक साधी कापडी पिशवी, वही आणि पेन एवढेच होते. स्टॉलवर पूर्वी ज्या वस्तू मिळत, आणि ज्यांच्यासाठी काही ज्येष्ठ मंडळी दुसरी रिकामी पिशवी बरोबर आणत, त्या दिसल्या नाहीत. वक्त्यांनी औषधांची ब्रँडनावे जवळजवळ घेतलीच नाहीत. ही सुधारणा खरी आहे आणि तिचे श्रेय द्यायलाच हवे.

आता पहिल्या दिवशीच्या भोजनोत्तर सत्राविषयी. कार्यक्रमपत्रिकेत त्याच्यासमोर कंपनीचे नाव होते, म्हणजे ते प्रायोजित आहे हे लपवलेले नव्हते. मात्र ते त्याच सभागृहात, त्याच व्यासपीठावर आणि आधीच्या वैज्ञानिक सत्राला लागूनच ठेवले होते, सूत्रसंचालकही तेच होते, आणि पत्रिकेतली बारीक ओळ न वाचणाऱ्या माणसाला आपण एका प्रकारच्या कार्यक्रमातून दुसऱ्या प्रकारच्या कार्यक्रमात आलो आहोत हे कळण्याची काही सोय नव्हती. विषय होता एसजीएलटी-२ गटातील औषधे, म्हणजे रक्तातली जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्या, आणि त्यांच्या संयुक्त गोळ्या. वक्ते अभ्यासू होते, भाषा सोपी होती, आणि पाऊण तासात त्यांनी एकदाही ब्रँडनाव उच्चारले नाही. फक्त त्यांच्या स्लाइडची पार्श्वभूमी ज्या जांभळ्या-केशरी छटेत होती, नेमक्या त्याच छटेत सभागृहाच्या दाराबाहेरचा प्रायोजकाचा स्टॉल सजवलेला होता, आणि त्याच छटेच्या पट्टीत ती गोळी बाजारात मिळते.

हे किरकोळ वाटेल, म्हणून त्यामागचा हिशेब थोडा उलगडून सांगतो. याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिन या औषधाचे पेटंट भारतात मार्च २०२५ मध्ये संपले आणि लगेच अनेक भारतीय कंपन्यांनी तेच औषध आपापल्या नावाने बाजारात आणले. किंमत चांगलीच खाली आली, जी रुग्णांच्या दृष्टीने उत्तम गोष्ट झाली. परंतु एकच रेणू अनेक कंपन्या विकू लागल्या की गोळीच्या गुणात वेगळेपणा दाखवायला फारशी जागा उरत नाही. उरते ते नाव लक्षात राहणे, रंग लक्षात राहणे, आणि ‘आपल्याला हे अमक्या सरांनी शिकवले’ ही भावना. शिवाय सुट्या गोळीत स्पर्धा वाढली की दोन-तीन औषधे एकत्र बांधलेल्या गोळ्यांवर भर येतो, कारण तेथे अजून थोडी वेगळी जागा मिळवता येते. म्हणून आज परिषदांमध्ये या गटावरची सत्रे भरमसाट झाली आहेत. वैद्यकीय ज्ञानात तेवढी भर पडलेली नाही, स्पर्धेत पडली आहे.

औषध चांगले आहे याबद्दल शंका नाही, आणि ज्यांना हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे अशा मधुमेही रुग्णांना ते मी लिहून देतो. तक्रार आहे ती पुरावा मांडण्याच्या पद्धतीबद्दल. एम्पा-रेग आउटकम हा एम्पाग्लिफ्लोझिनवरचा, २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वक्त्यांनी विस्ताराने सांगितला आणि पडदा भरून ‘३८ टक्के’ हा आकडा दाखवला. हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूत ३८ टक्के सापेक्ष घट झाली, हे खरेच आहे. प्रत्यक्षात सरासरी तीन वर्षांच्या आसपासच्या काळात हे मृत्यू ५.९ टक्क्यांवरून ३.७ टक्क्यांवर आले, म्हणजे शंभर रुग्णांमागे सुमारे दोन मृत्यू कमी झाले. हाही लाभ मोठा आहे आणि तो सांगायला कोणी लाजण्याचे कारण नाही. पण हे दुसरे आकडे पडद्यावर आले नाहीत. अभ्यासाचा जो मुख्य निकष होता, म्हणजे हृदयविकाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांची बेरीज, त्यातली घट १४ टक्के होती आणि झटका किंवा पक्षाघात वेगवेगळे पाहिले तर त्यांत लक्षणीय फरक आढळला नव्हता. तेही आले नाही. त्या अभ्यासातील ७,०२० रुग्णांना आधीपासूनच हृदय किंवा रक्तवाहिन्यांचा विकार होता, ही सर्वांत महत्त्वाची बाब एका कोपऱ्यात लहान अक्षरांत होती, आणि पुढच्याच स्लाइडवर नुकताच मधुमेह निदान झालेला, बाकी धडधाकट असा तरुण रुग्ण उदाहरणादाखल उभा केला गेला.

यात एकही विधान खोटे नव्हते. म्हणूनच ते पकडणे अवघड जाते. खोटे बोलणारा वक्ता पहिल्या पाच मिनिटांत उघडा पडतो आणि श्रोते त्याला विसरतात. येथे प्रत्येक आकडा खरा, प्रत्येक संदर्भ नामांकित नियतकालिकातला, आणि तरीही पाऊण तासानंतर श्रोत्याच्या मनात तयार झालेले चित्र मूळ शोधनिबंध वाचणाऱ्याच्या मनातल्या चित्राशी जुळत नाही. दुष्परिणामांना एक स्लाइड मिळाली. त्या अभ्यासात जननेंद्रियांचा बुरशीजन्य संसर्ग औषध घेणाऱ्यांत ६.४ टक्के आणि न घेणाऱ्यांत १.८ टक्के होता, हे सांगण्याऐवजी ‘स्वच्छतेचा सल्ला द्यावा’ एवढ्यावर ती स्लाइड उरकली गेली.

प्रश्नोत्तरांच्या वेळी विदर्भातून आलेल्या एका डॉक्टर भगिनींनी विचारलेला प्रश्न मला संपूर्ण परिषदेतला सर्वांत चांगला प्रश्न वाटला. त्या म्हणाल्या, ‘सर, आमच्याकडे नवरात्रात नऊ दिवस कडक उपवास धरणाऱ्या बायका असतात, त्या कोणाचे ऐकत नाहीत. त्यांची ही गोळी कधी थांबवायची आणि कधी सुरू करायची?’ या गटाच्या औषधांवर असताना उपाशी राहिल्यास किंवा शरीरातले पाणी कमी झाल्यास, रक्तातली साखर फारशी न वाढताही कीटोॲसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साचण्याचा जीवघेणा विकार, होऊ शकतो आणि साखर ठीक दिसल्यामुळे तो डॉक्टरच्या नजरेतून सुटतो. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी किमान तीन दिवस एम्पाग्लिफ्लोझिन थांबवावे, अशी सूचना अमेरिकी औषध प्रशासनाने २०२० साली दिली ती याच कारणाने. उपवास, वारी, उन्हाळ्यातले शेतकाम, जुलाब-उलट्या हे सगळे आपल्या ओपीडीतले रोजचे प्रसंग आहेत आणि तालुक्यातल्या डॉक्टरला या औषधाबद्दल काही शिकवायचेच असेल तर ते नेमके हेच आहे. वक्त्यांनी ‘फार छान मुद्दा’ म्हणून दोन वाक्यांत मोघम उत्तर दिले, अध्यक्षांनी वेळ संपल्याचे सांगितले आणि स्मृतिचिन्ह देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. स्मृतिचिन्हाला मात्र वेळ होता.

पॅनेल चर्चेबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिच्यात चर्चा अशी नव्हतीच. चार तज्ज्ञ, एक सूत्रधार आणि एक काल्पनिक रुग्ण, वय ५२, पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला, मूत्रपिंड उत्तम, वजन जास्त, आणि ‘आर्थिक अडचण नाही’ असे शेवटी आवर्जून लिहिलेले. असा रुग्ण आखला की उत्तर आधीच ठरलेले असते आणि चौघांचे एकमत होते. माझ्या ओपीडीत रुग्णाचा पहिला प्रश्न ‘डॉक्टर, महिन्याला किती बसेल?’ हा असतो, आणि त्या प्रश्नाला दोन दिवसांत कोणत्याही व्यासपीठावर जागा मिळाली नाही. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या स्वस्त गोळ्यांवर आपल्याकडचे असंख्य मधुमेही चालतात. त्यांचा डोस मूत्रपिंडाच्या कामाप्रमाणे कसा कमी करावा, वृद्धांमध्ये साखर घसरण्याचा धोका कसा ओळखावा, यावर एकही सत्र नव्हते. त्यांना प्रायोजक मिळत नाही, कारण त्यांच्यात पैसा उरलेला नाही.

याउलट दुसऱ्या दिवशी सकाळी झालेली इन्सुलिन टोचण्याच्या तंत्राची कार्यशाळा सुयांच्या उत्पादकाने प्रायोजित केलेली होती आणि तरीही ती उत्कृष्ट होती, हे प्रांजळपणे नोंदवायला हवे. चार मिलिमीटरची सुई बहुतेक प्रौढांना का पुरते, पोटावर टोचण्याची जागा रोज किमान एक सेंटिमीटर का सरकवावी, एकाच जागी टोचत राहिल्याने त्वचेखाली ज्या गाठी होतात त्या डोळ्यांनी न दिसता बोटांनी कशा लागतात, आणि अशा गाठीत इन्सुलिन टोचले की साखर वर-खाली का होत राहते, हे सगळे त्यांनी प्रत्यक्ष हाताने करून घेतले. परिषदेहून परतल्यावर मी इन्सुलिनवरच्या रुग्णांचे पोट न चुकता चाचपून पाहू लागलो आहे. प्रायोजकाचा फायदा यात होताच, कारण ‘सुई एकदाच वापरा’ हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्या बरोबर आहे आणि विक्रीच्या दृष्टीनेही. पैसे वाचवण्यासाठी तीच सुई अनेकदा वापरणाऱ्या रुग्णाला काय सांगायचे, हा विषय त्यांनी टाळला. परंतु तेथून बाहेर पडणारा डॉक्टर कोणत्याही कंपनीची सुई वापरून ते तंत्र वापरू शकत होता. भोजनोत्तर सत्रातून बाहेर पडणाऱ्याच्या हाती काय आले, तर एक औषध लिहिण्याची ओढ.

म्हणून शिकवणे आणि विकणे यांच्यातली सीमा पैसा कोणी दिला यावरून आखता येत नाही, आणि ब्रँडनाव घेतले की नाही यावरून तर मुळीच नाही. प्रश्न कोणी निवडला, यावरून ती आखावी, असे माझे मत या दोन दिवसांनंतर पक्के झाले आहे. ‘या रुग्णाला काय द्यावे?’ असा प्रश्न घेऊन सुरू होणारे व्याख्यान आणि ‘हे औषध कोणाला द्यावे?’ असा प्रश्न घेऊन सुरू होणारे व्याख्यान यांत तीच माणसे, तेच आकडे आणि तेच शोधनिबंध असू शकतात. पहिल्यात ‘काहीही नको, चालायला सांगा, गोळी कमी करा’ हे उत्तर शक्य असते. दुसऱ्यात ते शक्यच नसते. आणि अशी दुसऱ्या प्रकारची सत्रे एकामागोमाग एक लावली की प्रत्येक वक्ता प्रामाणिक असूनही अख्खी कार्यक्रमपत्रिका जाहिरात होते.

‘आम्ही सुशिक्षित माणसे, आमच्यावर अशाने परिणाम होत नाही’ हे उत्तर स्टॉलजवळच्या चहाच्या वेळी मला ऐकायला मिळालेच. १९९२ साली ‘चेस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील क्लीव्हलँडचा अभ्यास या बाबतीत वाचनीय आहे. कंपनीच्या खर्चाने रम्य ठिकाणी झालेल्या चर्चासत्रांना जाण्यापूर्वी बहुतेक डॉक्टरांनी हेच उत्तर दिले होते, आणि परतल्यानंतर त्यांच्या रुग्णालयातील त्या औषधांचा वापर लक्षणीय वाढला होता. त्याहून गंभीर उदाहरण गॅबापेंटिनचे. अपस्मारासाठी मान्यता मिळालेले हे औषध मान्यता नसलेल्या इतर अनेक तक्रारींसाठी वापरले जावे म्हणून जे प्रयत्न झाले, त्यांत स्वतंत्र शिक्षण म्हणून भासवलेल्या बैठका आणि वैद्यकीय शिक्षणाचे कार्यक्रम होते. वॉर्नर-लॅम्बर्ट कंपनीने २००४ साली गुन्हा कबूल केला आणि ४३ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले.

अमेरिकेत आता मान्यताप्राप्त शिक्षण कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर ३० मिनिटे त्याच सभागृहात कोणतीही जाहिरात किंवा मान्यता नसलेले सत्र घेता येत नाही, आणि वक्त्याचे कंपन्यांशी असलेले आर्थिक संबंध श्रोत्यांना सत्रापूर्वीच सांगावे लागतात. तेथे सगळे स्वच्छ झाले असे म्हणण्याचा भाबडेपणा कोणी करू नये. तरी हे दोन नियम पाळायला आपल्या संघटनांना एक रुपयाही खर्च येणार नाही. येथे हितसंबंध जाहीर करणारी स्लाइड मोजक्याच वक्त्यांनी दाखवली आणि तीही डोळ्याची पापणी लवेपर्यंत पुढे सरकली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नियम काढून कंपन्यांचे प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष प्रायोजकत्व असलेल्या परिषदांत डॉक्टरांनी सहभागीच होऊ नये असे म्हटले होते. तीन आठवड्यांत, २३ ऑगस्टला, ते नियम स्थगित झाले. सरसकट बंदी घातली असती तर जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या लहान परिषदा बंद पडल्या असत्या, हे मान्य. पण स्थगितीनंतर मधला मार्ग काढण्याचे काम परिषदा भरवणाऱ्यांचे होते आणि ते कोणी हाती घेतल्याचे या दोन दिवसांत तरी जाणवले नाही.

सर्वांत चांगले सत्र कोणते, असे कोणी विचारले तर मधुमेही पायाच्या तपासणीचे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील एका प्राध्यापकांनी ते घेतले. पायाचा स्पर्श तपासण्याचा दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट (नायलॉनचा तंतू), कंपनाची जाणीव तपासण्याचा १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आणि रुग्णाची चप्पल, एवढ्या तीन वस्तूंवर त्यांनी अर्धा तास बोलून दाखवले, आणि चपलेच्या आतल्या बाजूने हात फिरवून खिळा किंवा टोचणारी शिवण शोधायला त्यांनी पहिल्या रांगेतल्या ज्येष्ठांनाही लावले. या सत्राला प्रायोजक नव्हता. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, परतीच्या गाड्या पकडण्याच्या वेळेला ठेवलेले होते, आणि तोवर दोन तृतीयांश खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. कोणते सत्र जेवणानंतर भरल्या सभागृहात जाते आणि कोणते शेवटी ढकलले जाते, हे आयोजकच ठरवतात.

नोंदणी करावी का? क्रेडिट हवे असतील, जुने सहाध्यायी भेटावेत असे वाटत असेल आणि हाताने काही शिकवणाऱ्या कार्यशाळांसाठी वेगळी नावनोंदणी वेळेत करता येत असेल, तर जरूर करावी. कार्यशाळांच्या जागा आधी भरतात. मुख्य सभागृहातली प्रायोजित सत्रे चुकली तरी बिघडत नाही, आणि त्यांना बसायचेच असेल तर वक्त्याने दाखवलेला मूळ शोधनिबंध त्याच रात्री उघडून त्यातील प्रत्यक्ष टक्केवारीचा तक्ता पाहावा. निरोपाच्या वेळी मिळालेल्या अभिप्राय-पत्रकात जेवण, आसनव्यवस्था, वातानुकूलन आणि वक्त्यांचा दर्जा यांना पाचपैकी गुण द्यायचे होते. सत्रात विक्रीचा भाग किती जाणवला, असा रकाना नव्हता. मी ‘इतर सूचना’ या जागेत तीन गोष्टी लिहिल्या : प्रायोजित सत्रे वेगळ्या दालनात घ्यावीत, त्यांच्या वेळेचे क्रेडिट देऊ नये, आणि पायाच्या तपासणीचे सत्र पुढच्या वर्षी पहिल्या दिवशी सकाळी अकराला ठेवावे.